अशेरीच्या माथ्यावर पाणी टिकतं कसं

अच्छाडहून महामार्गाने मुंबईच्या दिशेला निघालं की तलासरी आणि चारोटी मागे पडून मेंढवणची खिंड येते. खिंडीजवळच्या खोडकोना गावातून अशेरीगडाची वाट सुरू होते. गडाची उंची साधारण 500 मीटर. सकाळी लवकर निघालात तर गड बघून दिवसाउजेडी सहज परत येता. जंगलात ढोरवाटा बऱ्याच फुटतात, तेव्हा गावातलाच एखादा माणूस बरोबर घ्यावा. माथ्याजवळ कातळात खोदलेल्या पायऱ्या आणि लोखंडी शिडी आहे. वर अशेरीदेवीची गुहा, पोर्तुगीज राजचिन्ह कोरलेला दगड आणि पाण्याची टाकी.

ही टाकी मात्र सावकाश बघावीत. आजूबाजूला ओढा नाही, झरा दिसत नाही, तरी डोंगराच्या डोक्यावर पाणी साठलेलं असतं.

उत्तराची सुरुवात चढतानाच होते. सह्याद्री लाव्ह्याच्या थरांवर थर बसून झाला, सुमारे 6.6 कोटी वर्षांपूर्वी. सगळे थर सारखे नाहीत. काही भोकाभोकांचे आणि ठिसूळ असतात, हाताने खरवडले तरी भुगा पडतो. काही घट्ट काळे, हातोडा मारला तर खणखणतात. पाणी धरून ठेवतो तो हा दुसरा थर, तोही भेगा नसलेला. जागा चुकली आणि तळाला एक भेग निघाली तर पावसाळा सरताच टाकं रिकामं. म्हणून खोदणाऱ्याची खरी परीक्षा छिन्नी चालवण्याआधी, जागा निवडताना होत असे. खोदून निघालेला दगड तटबंदीला कामी येई.

आता पाण्याचा हिशेब. समजा टाकं 6 मीटर लांब, 4 मीटर रुंद, 3 मीटर खोल आहे. त्यात 72,000 लिटर पाणी मावेल. पावसाळ्यात 2 मीटर पाऊस पडला असं धरलं तर टाक्याच्या तोंडावर थेट पडणारं पाणी फार तर 48,000 लिटर. पण वरच्या बाजूचा 100 चौरस मीटर उघडा कातळ टाक्याकडे उतरता असेल, तर त्यावर 2 लाख लिटर पडतं. त्यातलं निम्मं आत आलं तरी टाकं काठोकाठ. कातळावर बोटभर रुंदीच्या पन्हळी खोदलेल्या दिसल्या तर त्या कुठे वळतात ते पाहा, त्या पाण्याला वाट दाखवतात.

भरणं सोपं, मे महिन्यापर्यंत पुरवणं अवघड. आपल्याकडे उघड्या पाण्यावरून वर्षाला दीड-दोन मीटर पाणी उन्हाने उडून जातं. म्हणून जुन्या किल्ल्यांवर खांबटाकी दिसतात: कातळ आत कोरत नेलेला, छत तोलायला मध्ये दगडाचेच खांब ठेवलेले. सावलीतलं पाणी थंड राहतं, कमी उडतं, आणि ऊन न मिळाल्याने शेवाळही कमी धरतं. मला ही युक्ती तटबुरुजांपेक्षा मोठी वाटते. 1556 मध्ये अशेरीगड पोर्तुगीजांकडे गेला आणि 1739 मध्ये वसईच्या मोहिमेत मराठ्यांनी तो घेतला. एवढा काळ वर शिबंदी राहिली ती पाण्याच्या भरवशावर. ते संपतं तर गड लढवायला उरलंच काय?

पिण्याचं पाणी गावातूनच भरून न्या. टाक्यात पाय धुऊ नका, साबण लावू नका. वर चरायला येणारी जनावरं आणि जंगलातले प्राणी हेच पाणी पितात. पावसात पायऱ्या आणि शिडी निसरड्या होतात, म्हणून पहिल्यांदा जाणाऱ्यांनी नोव्हेंबर ते फेब्रुवारीतली वेळ धरावी. उन्हाळ्याच्या शेवटी गड-संवर्धनवाले कुठे टाक्यांतला गाळ काढत असतील तर त्यांच्या हाताखाली एक दिवस जरूर द्या. 3 मीटर खोल टाक्यात मीटरभर गाळ साठला की 24,000 लिटरची जागा गेलेली असते, आणि ती जूनच्या आत मोकळी करावी लागते.