पाटी नाही म्हणजे वाट मोकळी?

पाऊस ओसरला की पुण्या-मुंबईचे रायडर सह्याद्रीकडे वळतात. एक्सपल्स, हिमालयन यांसारख्या गाड्या आल्यापासून डांबर सोडून मातीत उतरणं बरंच सोपं झालंय. मग एखाद्या वळणावर वनरक्षक आडवा येतो आणि हुज्जत सुरू होते. त्या हुज्जतीत दोन्ही बाजूंनी छातीठोकपणे जे सांगितलं जातं, त्यातलं बरंचसं कायद्याच्या पुस्तकात सापडत नाही.

सगळ्यात मोठा घोळ जंगलाच्या प्रकारांचा. ‘संरक्षित वन’ म्हणजे सर्वांत कडक पहारा, ‘राखीव वन’ त्यापेक्षा सैल, असं पुष्कळांना वाटतं. 1927 च्या भारतीय वन अधिनियमात गणित नेमकं उलटं आहे. राखीव वनात परवानगी किंवा नोंदलेला हक्क असेल तेवढंच चालतं, आणि विनापरवाना शिरकाव हाच कलम 26 खाली गुन्हा ठरतो. संरक्षित वनात सरकारने अधिसूचना काढून किंवा नियम करून जे मना केलं तेवढंच बंद. महाराष्ट्रातलं बहुतांश जंगल राखीव आहे, त्यामुळे ‘पाटी कुठे लावलीय?’ हा रायडरांचा लाडका प्रश्न तिथे लंगडा पडतो. पाटी नसली तरी मनाई असतेच.

पण राखीव वनातली प्रत्येक वाट आपोआप बंद असते, हेही खरं नाही. वन राखीव करताना जुन्या वाटांचे हक्क तपासून नोंदवावे लागतात. अशी वाट पुढे बंद करायची झाली तर कलम 25 नुसार सोयीची पर्यायी वाट अस्तित्वात हवी, नाहीतर ती करून द्यावी लागते. डोंगरातल्या कितीतरी घाटवाटा आणि गाडीवाटा अशा नोंदींत आहेत. मात्र पायी येण्याजाण्याचा वहिवाटीचा हक्क म्हणजे दहा मोटारसायकलींच्या ताफ्याचा हक्क नव्हे.

अभयारण्य आणि राष्ट्रीय उद्यान इथे 1972 चा वन्यजीव (संरक्षण) अधिनियम लागतो, आणि तो फार स्पष्ट आहे. कलम 27 प्रमाणे परवान्याशिवाय आत जाऊ शकतात ते कामावरचे सरकारी नोकर, परवानगीने राहणारे, आत जमिनीचा हक्क असलेले, त्यांच्यावर अवलंबून असलेली माणसं आणि सार्वजनिक हमरस्त्याने पलीकडे जाणारे. राधानगरीहून दाजीपूरमार्गे फोंडाघाट उतरणारा मोटारसायकलस्वार या शेवटच्या सवलतीत बसतो. त्याच रस्त्यावरून चाक खाली उतरवून झाडीत वळला, की सवलत तिथेच संपते.

‘गावची पोरं त्याच वाटेने बाईक नेतात, मग आम्हालाच का अडवता?’ याचंही उत्तर इथेच आहे. त्यांचं घर किंवा शेत आत आहे. शिवाय 2006 च्या वनहक्क कायद्याने अनेक ग्रामसभांना सामूहिक हक्क आणि जंगल राखण्याचा अधिकार दिलाय. म्हणजे काही ठिकाणी वनखात्याने मान डोलावली तरी गावाला विचारल्याशिवाय जाणं शहाणपणाचं नाही.

पावतीचं दोन वाक्यांत सांगतो. नाक्यावर वन व्यवस्थापन समिती प्रवेशशुल्क घेते ते सहसा पायी फिरण्याचं आणि गाडी लावण्याचं असतं. पावतीवर जे लिहिलंय तेवढीच परवानगी.

‘माझी डर्ट बाईक रस्त्यावर येतच नाही, तिला नोंदणी कशाला?’ मोटार वाहन अधिनियमाचं कलम 39 सार्वजनिक ठिकाणी ‘किंवा अन्य कोणत्याही ठिकाणी’ विनानोंदणी वाहन चालवायला मनाई करतं. फक्त बंदिस्त आवारात वापरण्यासाठी बनवलेलं खास वाहन त्यातून सुटतं. जंगल हे बंदिस्त आवार नाही.

चौकीवर ऐकू येणारी एक धमकी मात्र अर्धीच खरी असते: ‘गाडी आता सरकारजमा, विसरा.’ वन्यजीव कायद्याच्या कलम 39 मध्ये गुन्ह्यात वापरलेलं, जप्त झालेलं वाहन राज्य सरकारच्या मालकीचं होतं असं लिहिलंय खरं. पण मधुकर राव खटल्यात 2008 साली सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं, की नुसत्या जप्तीने मालकी जात नाही आणि खटला चालू असताना दंडाधिकारी गाडी तात्पुरती सोडू शकतात. यात खूश होण्यासारखं फार नाही. व्याघ्र प्रकल्पाच्या गाभा क्षेत्रातल्या गुन्ह्याला किमान तीन वर्षांची शिक्षा आहे, आणि सह्याद्री व्याघ्र प्रकल्पाचा गाभा 600 चौरस किलोमीटरचा आहे.

आता सड्यांविषयी, म्हणजे डोंगरमाथ्यावरच्या सपाट कातळांविषयी, कारण माझ्या मते सर्वांत महागडा गैरसमज तिथलाच. ‘नुसता कातळ आहे, झाड नाही की झुडूप नाही, कुणाचं काय बिघडतं?’ जांभ्याच्या सड्यावर मातीचा थर जेमतेम काही सेंटिमीटरचा असतो. कासची फुलं त्याच मातीत येतात. आंबोलीत अंगावर वाघासारखे पट्टे असलेला एक छोटा टोड आहे. शास्त्राला त्याची ओळख 2009 मध्ये झाली आणि त्याची नोंद आहे ती फक्त आंबोलीच्या परिसरातून. पहिल्या पावसात कातळावरच्या खळग्यांत जे वीतभर पाणी साचतं त्यात तो अंडी घालतो. रायडरला तेच डबकं पाणी उडवत फोटो काढायला आवडतं. सुट्या दगडांखाली पाली, विंचू, साप राहतात, ते तर दिसतही नाहीत.

‘माणसं आणि गुरंही तुडवतातच की’ हा युक्तिवाद अगदीच फोल नाही. अमेरिकेत मोंटाना राज्यात माणूस, घोडा आणि मोटारसायकल यांच्या तुडवण्याची तुलना करणारा अभ्यास 1978 मध्ये प्रसिद्ध झाला. माणसाने केलेली हानी सर्वांत कमी होती. घोडा आणि माणूस उतारावर जास्त नुकसान करतात, मोटारसायकल चढावर, असंही त्यात आढळलं. चढावर मागचं चाक गरगरतं, माती उकरली जाते, चर पडते. ताम्हिणीसारख्या धो धो पावसाच्या मुलखात त्या चरीतून पाणी धावलं की पायवाटेचा ओढा होतो. आपल्याकडे हौस असते ती नेमकी हिल क्लाइंबची.

‘परदेशात बघा, जंगलात कशी मोकळीक आहे!’ अमेरिकेचा दाखला देणाऱ्यांनी तो पुरता द्यावा. तिथे 1972 मध्ये राष्ट्राध्यक्ष निक्सन यांच्या आदेशाने सार्वजनिक जमिनींवर ऑफरोड वाहनांसाठी वाटा आखायला सुरुवात झाली. 2005 च्या नियमानंतर प्रत्येक राष्ट्रीय वनाला वाहनांच्या वाटांचा नकाशा काढून फुकट द्यावा लागतो. नकाशात नाही ती वाट बंद, पाटी असो वा नसो. आणि 1964 च्या कायद्याने राखलेल्या वन्य प्रदेशात मोटारसायकलच काय, सायकलही चालत नाही.

आपल्या वन कायद्यात असा नकाशा काढण्याची सक्ती नाही. कोणती वाट उघडी आहे हे कुणी सांगत नाही, मग व्हॉट्सॲपवर फिरणारा जीपीएस ट्रॅकच परवाना समजला जातो. वाट कुणाकडून तरी मिळाली एवढंच तो ट्रॅक सांगतो. खात्यावर चिडण्याऐवजी रायडरांच्या गटांनी नकाशाची मागणी लावून धरली तर मला ती रास्त वाटेल.

तोवर हाताशी असलेल्या गोष्टी वापराव्यात. गावनकाशात पाणंद आणि शिवरस्ते दाखवलेले असतात. सातबाऱ्यावर गट वनखात्याचा की खासगी मालकाचा ते दिसतं. खासगी असेल तर मालकाला विचारायचं. राखीव वन असेल तर वनपरिक्षेत्र अधिकाऱ्याच्या कार्यालयात लेखी अर्ज द्यायचा, त्यात वाट, तारीख आणि गाड्यांची संख्या लिहायची. अभयारण्यातला परवाना मुख्य वन्यजीव रक्षकाच्या अधिकारात येतो आणि त्याच्या कारणांत पर्यटनही आहे. उत्तर नकाराचं आलं तर तेही लेखी मागावं.