मुंबईच्या कापसावर उभी राहिलेली स्कॉटिश जमीनदारी

देवरीतल्या कितीतरी स्वयंपाकघरांत भिंतीवर पाणी शुद्ध करणारं यंत्र लावलेलं असतं. त्यावर ‘युरेका फोर्ब्स’ हे नाव छापलेलं असतं. ही कंपनी 1982 ची. तिच्या नावातला फोर्ब्स मात्र फार जुना आहे. तो अठराव्या शतकात स्कॉटलंडच्या एका डोंगराळ खोऱ्यातून पोट भरायला मुंबईत आलेला माणूस. परत जाऊन तो आपल्या मुलखातला बडा जमीनदार झाला. त्याच्या घराण्याची कथा स्कॉटलंडमध्ये अजून सांगितली जाते. आपणही ती वाचली पाहिजे, कारण त्या जमिनीचा पैसा इथे कमावलेला होता.

जॉन फोर्ब्सचा जन्म 1743 चा. अ‍ॅबर्डीनशायरमधलं स्ट्रॅथडॉन हे त्याचं खोरं. थंडी कडाक्याची, शेती तुटपुंजी. घराणं नावाजलेलं, पण हातात फारसं काही उरलेलं नव्हतं. अशा घरांतल्या धाकट्या मुलांना तेव्हा सैन्य, चर्च किंवा समुद्र एवढेच रस्ते असत. जॉनने समुद्राचा धरला. विशीत मुंबई गाठली आणि 1767 मध्ये स्वतःची पेढी काढली. गुजरातचा कापूस मुंबई बंदरातून चीनला पाठवायचा, हा तिच्या धंद्याचा कणा. जहाजं, विमा, सावकारी हे सगळं त्याच्याभोवती वाढत गेलं. मायदेशी लोक त्याला ‘बॉम्बे जॉक’ म्हणू लागले. मिळालेल्या पैशातून त्याने घराण्याची न्यू इथली जमीन परत मिळवली, आजूबाजूच्या जमिनी जोडल्या, आणि अ‍ॅबर्डीनच्या मनोरुग्णालयाला 10,000 पौंडांची देणगी दिली. 1821 मध्ये तो वारला. वारस ठरला पुतण्या चार्ल्स, एका पाद्र्याचा मुलगा, ज्याने मुंबईत काकाची पेढी सांभाळून ती शहरातल्या पहिल्या पेढ्यांत नेऊन बसवली होती.

त्या काळात मुंबई सरकारची तिजोरी नेहमी रिकामी असे आणि लढाईच्या खर्चासाठी ते अशाच पेढ्यांकडे कर्ज मागे. 1803 मध्ये इंग्रजांनी शिंदे आणि नागपूरकर भोसल्यांविरुद्ध युद्ध पुकारलं. 29 नोव्हेंबरला अडगाव, 15 डिसेंबरला गाविलगड, आणि दोनच दिवसांनी देवगावचा तह. देवरीचा मुलूख तेव्हा भोसल्यांच्याच राज्यात होता. कापसाच्या नफ्यातून इंग्रजांना कर्ज मिळत होतं आणि त्या कर्जाच्या बळावर लढणारं सैन्य आपल्या राजाला हरवत होतं. फोर्ब्सच्या संपत्तीकडे बघताना हे विसरता येणार नाही.

आणि तरीही चार्ल्स फोर्ब्सला एवढ्यावरच निकालात काढणं अन्यायाचं होईल. विलायतेला परतून तो पार्लमेंटचा सभासद झाला, 1823 मध्ये बॅरोनेट झाला, आणि हिंदुस्थानी माणसाच्या हक्कांसाठी सतत बोलत राहिला. साताऱ्याचे छत्रपती प्रतापसिंह यांना 1839 मध्ये ईस्ट इंडिया कंपनीने गादीवरून उतरवलं, तेव्हा कंपनीच्या भागधारकांच्या सभेत त्यांची बाजू मांडणाऱ्या मोजक्या लोकांत तो होता. छत्रपतींचे वकील रंगो बापूजी लंडनमध्ये ज्या प्रश्नासाठी वर्षानुवर्षं झिजले, तोच हा प्रश्न. मुंबईकरांनी वर्गणी काढून चँट्री या नामांकित शिल्पकाराकडून त्याचा संगमरवरी पुतळा करवून घेतला आणि टाऊन हॉलमध्ये, म्हणजे आजच्या एशियाटिक सोसायटीच्या इमारतीत, बसवला. माझ्या मते तो मान त्याने कमावलेला होता.

स्ट्रॅथडॉनला त्याने 1831 मध्ये मोठा वाडा बांधला, कॅसल न्यू. शंभर वर्षंही तो टिकला नाही. 1927 मध्ये पाडला गेला आणि त्याचे दगड अ‍ॅबर्डीनच्या विद्यापीठातल्या बांधकामाला गेले. मुंबईची पेढी मात्र मालक बदलत राहिली, टाटांकडे आणि पुढे शापूरजी पालनजी समूहाकडे गेली, तरी नाव फोर्ब्सच राहिलं. आणखी एक गोष्ट टिकली. चार्ल्सने 1823 मध्ये स्ट्रॅथडॉनच्या लोकांचा पारंपरिक पोशाख आणि गेलिक भाषा जपण्यासाठी लोनाख सोसायटी स्थापन केली होती. दर ऑगस्टमध्ये तिथली माणसं आजही तो पोशाख घालून मिरवणूक काढतात.

तिकडे ही कथा का उरली? कारण खरेदीखतं, पत्रं, चर्चमधल्या जन्ममृत्यूच्या नोंदी कोणीतरी जपल्या. आपल्याकडेही घराण्यांच्या हकिगती काही कमी नाहीत. 1818 मध्ये कामठ्याचा चिमना पटेल इंग्रजांविरुद्ध उठला, त्याची जमीनदारी गेली आणि ती लोधी घराण्याच्या हाती आली. पोवार घराण्यांत पूर्वज माळव्यातून नगरधनमार्गे वैनगंगेच्या खोऱ्यात आल्याचं सांगतात. गोंड आणि हलबा तर या जंगलात पूर्वापार राहत आले आहेत. 31 मार्च 1951 ला मध्य प्रदेशाच्या कायद्याने जमीनदारी आणि मालगुजारी संपली, आणि त्यासोबत बऱ्याच घरांतली दप्तरंही माळ्यावर गेली.

ती दप्तरं नुसत्या आठवणीची वस्तू नाहीत. वनहक्क कायद्याखाली बिगर आदिवासी दावेदाराला 13 डिसेंबर 2005 च्या आधीच्या तीन पिढ्यांचा, म्हणजे 75 वर्षांचा रहिवास दाखवावा लागतो. जात पडताळणीतही पणजोबाच्या नोंदीवर पणतवाचं शिक्षण अडतं. बंदोबस्ताची मिसल, निस्तार पत्रक, वाजिब-उल-अर्ज, शाळेचं दाखल-खारीज रजिस्टर यांतली एक ओळसुद्धा अशा वेळी कामी येते. वनहक्कात तर गावातल्या वडीलधाऱ्यांचं लेखी निवेदनही पुरावा धरलं जातं.

देवरी तालुक्यातल्या प्रत्येक घराला माझी विनंती आहे. माळ्यावरचे कागद वाळवीच्या तोंडी जाण्याआधी खाली काढा, त्यांचे फोटो घ्या. मोडी वाचणारं कोणी ओळखीचं असेल तर दाखवा. आजी-आजोबांना विचारून पूर्वजांची नावं, त्यांची गावं आणि ते कुठून आले हे एका वहीत लिहून ठेवा, आणि त्याखाली तारीख घाला.