मुदत लवचीक, मेहनत स्वतःची

पिट्सबर्गच्या कार्नेगी मेलन विद्यापीठात रँडल ब्रायंट आणि डेव्हिड ओ'हॅलरन यांनी १९९८मध्ये सुरू केलेल्या १५-२१३ या संगणक प्रणालींच्या अभ्यासक्रमाचे नियम वरवर परस्परविरोधी वाटतात. उशीर झाला तर सत्रभरासाठी मोजके सवलतीचे दिवस मिळतात आणि ते कुठे खर्चायचे हे विद्यार्थीच ठरवतो. पण दुसऱ्याचा कोड पाहणे किंवा आपला दाखवणे ही सरळ कॉपी. मला यात विसंगती दिसत नाही. दोन दिवसांच्या उशिराने शिकणे बुडत नाही, उसन्या उत्तराने ते होतच नाही. तिथली गाजलेली ‘बॉम्ब लॅब’ पाहा: प्रत्येकाला यंत्रभाषेतला वेगळा प्रोग्राम मिळतो, त्याचे ६ टप्पे डीबगर वापरून उलगडायचे. चुकले की स्फोट आणि साधारणपणे अर्धा गुण वजा. चूक इतकी स्वस्त असल्यामुळेच धडपडायला वाव राहतो.

कंपन्यांत सगळेच एकमेकांचा कोड वाचतात, मग इथे बंदी का, हा प्रश्न रास्त आहे. पण सहकाऱ्याचा कोड तपासायचा तर मेमरीत काय घडते ते आधी स्वतःला कळावे लागते. शिवाय संकल्पनांवर चर्चेला मनाई नाहीच. साम्य शोधणारी साधने निर्दोषाला अडकवतील, ही भीती मात्र अधिक गंभीर. ॲलेक्स ऐकेन यांचे १९९४चे ‘मॉस’ हे असेच साधन फक्त साम्य दाखवते. ती चोरी आहे का, हे शिक्षकाने दोन्ही कोड वाचून आणि विद्यार्थ्याचे म्हणणे ऐकूनच ठरवायला हवे.