कमरेला बांधलेले दप्तर

विमानाची तपासणी करणाऱ्या माणसाचे निम्मे चित्त धातूत आणि निम्मे कागदात गुंतलेले असते, हे हँगरमध्ये घटकाभर उभे राहणाऱ्याच्याही ध्यानात येते. चाके मिटून घेण्याच्या पोकळीत अंग चोरून शिरलेला तंत्रज्ञ, एका हाती विजेरी आणि दुसऱ्या हाती लांब दांड्याचा आरसा धरून, एखाद्या रिव्हेटच्या कडेला दिसणारी बारीक रेघ ही भेग की नुसता ओरखडा याची खातरजमा करतो. ती झाली की बाहेर येऊन, हात पुसून, जॉब कार्डावर नोंद करतो आणि पुन्हा आत शिरून आपण नेमके कोणत्या रिव्हेटपाशी होतो ते शोधू लागतो.

हे हेलपाटे वाचवण्यासाठी अंगावर वागवण्याचे संगणक पिट्सबर्गच्या कार्नेगी मेलन विद्यापीठात डॅनियल सिव्हियोरेक, असिम स्मैलागिच प्रभृतींनी १९९१ पासून घडवले. आकाशात इतर विमानांना इंधन पुरवणाऱ्या केसी-१३५ या बोइंग विमानाचा पत्रा तपासण्यासाठी त्यांनी केलेला ‘नॅव्हिगेटर २’ हा संगणक १९९५ च्या सुमारास सॅक्रामेंटोच्या मॅक्लेलन हवाई तळावर वापरून पाहण्यात आला. दोष जेथे आढळेल तेथेच उभे राहून, डोळ्यांपुढच्या चित्रावर त्याची जागा दाखवावी आणि तोंडाने वा लहानशा दांडीने नोंद पुरी करावी, अशी त्यात तजवीज होती.

त्या काळचा ‘प्रायव्हेट आय’ नावाचा पडदा मी डोळ्याला लावून पाहिला आहे. आत २८० सूक्ष्म दिव्यांची एकच उभी ओळ आणि तिच्यासमोर थरथरणारा आरसा. त्या थरथरीने ओळीचे पान होते आणि तांबडी अक्षरे हवेत तरंगू लागतात. प्रथम दोन्ही डोळ्यांचे भांडण होते, मग उघडा डोळा पत्र्यावर आणि झाकलेला डोळा मजकुरावर आपोआप स्थिरावतो. पण डोळ्यांच्या या करामतीपेक्षा माझे मन जडले ते ‘व्ह्यूमॅन ३’ या १९९४ च्या संगणकाच्या चकतीवर. हा संगणक अमेरिकी मरीन दलाच्या जलस्थलगामी वाहनांसाठी, म्हणजे जमिनीवरच्या कामासाठी. तथापि काम तेच, सुमारे ६०० कलमांची यादी घेऊन यंत्राच्या पोटाखाली सरपटण्याचे. चकती फिरवली की निवड पुढच्या कलमावर सरकते. बटणे तीन, पण तिन्हींचे कार्य एकच, जेणेकरून डावखुऱ्यालाही अंगठा सहज टेकवता यावा! यंत्राशी बोलून काम करवून घेण्याचे आकर्षण मोठे खरे, पण कॉम्प्रेसर आणि रिव्हेट-बंदुका यांच्या कल्लोळात बोललेल्या शब्दापेक्षा बोटाला जाणवणारा खटका अधिक भरवशाचा, असे माझे मत आहे.

‘व्ह्यूमॅन ३’मुळे तपासणीचा वेळ सुमारे ४० टक्क्यांनी उतरला आणि दोघांचे काम एकाकडे आले. हँगरसाठी असे काही खरेदी करण्याचा अधिकार ज्यांच्याकडे असेल त्यांनी पडद्याची तकाकी पुढे केव्हातरी पाहावी. आधी ग्रीसने माखलेला हातमोजा घालून, पाठीवर उताणे पडून, एक नोंद स्वतः करून पाहावी.