पोल आधी कोणाच्या हाती लागतो?

कोलंबियातल्या काली शहरात जुलै 2015 मध्ये अठरा वर्षांखालच्या मुलामुलींची जागतिक मैदानी स्पर्धा झाली. तिथे मुलांच्या बांबूउडीत स्वीडनच्या आर्मंड डुप्लांटिसने 5.30 मीटर उडी मारली आणि स्पर्धेच्या विक्रमासह सुवर्णपदक पटकावलं. तेव्हा तो जेमतेम पंधरा वर्षांचा होता. भारतात मोठ्या वयाच्या पुरुषांनाही ही उंची ओलांडायला 2022 उजाडावं लागलं. त्या वर्षी गुजरातमधल्या राष्ट्रीय क्रीडा स्पर्धेत शिवा सुब्रमणीने 5.31 मीटरची उडी घेतली. असे दोन आकडे शेजारी ठेवले की ‘दैवी देणगी’ म्हणून आपण मोकळे होतो. मला हे पटत नाही. कुमार वयातल्या बांबूउडीच्या निकालात गुणवत्तेआधी दिसते ती सोय: पोल किती लहानपणी हातात आला, आणि अंगाने वाढताना तो किती वेळा बदलून मिळाला.

याचं कारण खेळाच्या घडणीतच आहे. सेकंदाला नऊ मीटर वेगाने पळणाऱ्या मुलाची सगळी गती उंचीत उतरवता आली, तर तो साधारण चार मीटर वर जाईल. उभ्या माणसाचा गुरुत्वमध्य मुळातच मीटरभर उंचीवर असतो, म्हणजे हिशेब पाच मीटरच्या आसपास जातो. गतीचं उंचीत रूपांतर करायचं काम पोलचं. त्याचं टोक वीस सेंटिमीटर खोल पेटीत आपटतं, फायबरग्लास धनुकलीसारखा वाकतो आणि सरळ होताना खेळाडूला वर फेकतो. पण कोणताही पोल कोणालाही चालत नाही. लांबीबरोबरच तो किती वजनाच्या खेळाडूसाठी आहे, हेही पोलवर लिहिलेलं असतं. मऊ पडला तर तो नको इतका वाकतो आणि वेळेवर सरळ होत नाही; कडक असला तर वाकतच नाही आणि मुलाला मागे धावपट्टीवर परतवू शकतो, म्हणजे अपघातच. सोळा-सतराव्या वर्षी वजन आणि वेग दोन्ही झपाट्याने वाढतात, त्यामुळे गेल्या हंगामातला पोल या हंगामात मऊ ठरतो. शिवाय स्पर्धा चालू असतानाही दांडी वर सरकत जाते, वारा फिरतो, तसा पोल बदलावा लागतो. म्हणून तयारीचे खेळाडू लांबलचक पिशवीतून पाच-सहा पोल घेऊन येतात. ज्याच्याकडे दोनच आहेत, त्याचे पाय कितीही वेगवान असोत, लागोपाठ तीन उड्या चुकल्या की तो बाद.

डुप्लांटिसचे वडील ग्रेग हे स्वतः 5.80 मीटरचे बांबूउडीपटू. अमेरिकेत लुइझियानामधल्या घराच्या परसातच धावपट्टी आणि गादी होती. 2003 मध्ये याच वयोगटाचा जगज्जेता ठरलेला अर्जेंटिनाचा हेर्मान कियाराविलिओ, त्याचे वडीलही या खेळाचे प्रशिक्षक. यावर कोणी म्हणेल, ही तर आनुवंशिकता! थोडीफार असेलही. वेग रक्तातून येऊ शकतो. पण भरधाव पळत जाऊन पोल पेटीत टेकवायचा आणि डोकं खाली, पाय वर करायचे, ही भीती मोडते ती शेकडो उड्या मारूनच. त्याहून वजनदार आक्षेप वेगळा आहे: सोय मिळालेले सगळेच डुप्लांटिस का होत नाहीत? होत नाहीत, हे खरंच. कालीनंतर वर्षभरात वीस वर्षांखालच्या जागतिक स्पर्धेत खुद्द त्यालाच कांस्यपदकावर समाधान मानावं लागलं, आणि 2025 मध्ये टोकियोत तोच 6.30 मीटरवर पोचला. शिखर कोण गाठणार, हे सोय ठरवत नाही. पायथ्याशी गर्दी किती जमणार, एवढंच ती ठरवते. आणि कुमार स्पर्धा पायथ्यापासून फार लांब नसते.

आपल्याकडे देव मीणाने जुलै 2025 मध्ये जर्मनीतल्या जागतिक विद्यापीठ स्पर्धेत 5.40 मीटरचा राष्ट्रीय विक्रम केला. तो मध्य प्रदेश सरकारच्या अकादमीत घडलेला खेळाडू आहे, हा तपशील मला विक्रमाइतकाच महत्त्वाचा वाटतो. महाराष्ट्रात उलटं लटकून अंग तोलणारी मल्लखांबाची पोरं गावोगावी सापडतात. म्हणजे धाडस आणि खांद्यांची ताकद यांचा दुष्काळ नाही; आहे तो सोयीचा. मग मूठभर मुलांसाठी महागड्या गाद्या आणि पोल कशाला, तोच पैसा धावण्यावर का घालू नये, असं विचारलं जाईल. प्रश्न रास्त आहे, पण पोल ही एका मुलाची खासगी मालमत्ता असायलाच हवी, असं त्यात गृहीत धरलेलं आहे. मोठ्याला मऊ पडलेला पोल धाकट्याला अगदी बेताचा बसतो. एका जिल्ह्याच्या मैदानावर चढत्या ताकदीचे दहा-बारा पोल ठेवले, तर ते अनेक वर्षं मुलांच्या हाती फिरत राहतील. आणि स्पर्धेला जाताना चार-पाच मीटरचा पोल रेल्वेच्या डब्यात कुठे ठेवायचा, या चिंतेत निदान सरावाचे दिवस तरी जाणार नाहीत.