दोनशे मीटरचं घड्याळ, स्वारगेटचा घाम

पुण्याच्या स्वारगेट एसटी स्टँडच्या बाहेर गॉगल, पट्टे, पाकिटं आणि मोबाइलची कव्हरं मांडलेल्या हातगाड्यांवर एक घड्याळ हमखास दिसतं. काळी किंवा निळी डायल, जाड काटे, भोवती आकडे कोरलेलं दातेरी कडं आणि खाली 'वॉटर रेझिस्ट' अशी बारीक अक्षरं. कडं फिरवून बघा. एक तर ते दोन्ही बाजूंना गरगर फिरतं, नाही तर जागचं हलतच नाही, कारण ते नुसतं चिकटवलेलं असतं. ही पाणबुड्यांच्या घड्याळाची, म्हणजे डाइव्ह वॉचची, नक्कल. समुद्र गाठायला घाट उतरावा लागतो अशा शहरातही ती खपते, कारण हा चेहरा सगळ्यांना आवडतो.

आवड चुकीची नाही. उन्हाळ्यात रोज हातात घालायला डाइव्ह वॉचसारखं सोयीचं घड्याळ नाही, मग तुम्हाला पोहता येत असो वा नसो. एप्रिलच्या दुपारी स्वारगेटच्या भुयारी मेट्रो स्टेशनातून वर आलात की पाच मिनिटांत मनगट ओलं होतं. चामड्याच्या पट्ट्यावर आतून मिठाची पांढरी रेघ उमटते आणि मे संपेपर्यंत त्याला कुबट वास येऊ लागतो. घरी आल्यावर हात-तोंड धुताना आधी घड्याळ काढून ठेवावं लागतं, आणि मग ते बेसिनवरच राहतं. पोलादी केस, रबरी पट्टा आणि पाण्याला न घाबरणारी चावी असेल तर घड्याळही हाताबरोबर नळाखाली धुऊन निघतं.

ही घड्याळं मुळात शौकासाठी बनलीच नव्हती. 1950च्या दशकाच्या सुरुवातीला ब्लांपां या स्विस कंपनीचा प्रमुख झां-झाक फिश्तर स्वतः पाण्याखाली उतरणारा होता. दक्षिण फ्रान्सच्या समुद्रात वेळेचं भान सुटून त्याच्या टाकीतली हवा संपली होती. त्याच सुमारास फ्रेंच नौदलाचे पाणबुडेही भरवशाचं घड्याळ शोधत होते. त्यातून 1953 मध्ये 'फिफ्टी फॅदम्स' आलं. पन्नास फॅदम म्हणजे साधारण 91 मीटर. रोलेक्सची 'सबमरीनर'ही त्याच काळातली. आज या दोघांच्या किमती सामान्य माणसाने विचारूसुद्धा नयेत अशा आहेत. आपल्याला परवडणारी वाट जपानने काढली: सेकोने 1965 मध्ये 150 मीटरचं पहिलं जपानी डाइव्ह वॉच बाजारात आणलं.

या घड्याळांच्या दातेरी कड्याला बेझल म्हणतात. पाण्यात उतरताना बेझलवरचा त्रिकोण मिनिटकाट्यासमोर आणून ठेवायचा. पुढे किती मिनिटं गेली ते बेझलवर थेट वाचता येतं, वजाबाकी करावी लागत नाही. चांगल्या घड्याळात बेझल एकाच दिशेने, घड्याळाच्या काट्यांच्या उलट, टक टक करत फिरतं. यात एक शहाणपण आहे. चुकून धक्का लागून ते सरकलं, तरी गेलेला वेळ प्रत्यक्षापेक्षा जास्त दिसतो. पाणबुड्या लवकर वर येतो, उशिरा नाही.

स्वारगेटच्या प्रवाशाला याचा उपयोग पाण्याबाहेर आहे. सातारा, कोल्हापूर किंवा महाबळेश्वरची गाडी वाटेत हॉटेलवर थांबते. कंडक्टर 'दहा मिनिटं हं' म्हणत खाली उतरतो आणि मिसळीची प्लेट यायलाच सात मिनिटं लागतात. उतरतानाच त्रिकोण मिनिटकाट्याला लावून ठेवला की चहाचा दुसरा कप मागवायचा की नाही, हे एका नजरेत ठरतं. मोबाइलमध्ये टायमर आहेच. पण एका हातात पाव आणि दुसऱ्यात चमचा असताना तो लावून दाखवा.

आता अशा घड्याळांवर लिहिलेल्या 'दोनशे मीटर'बद्दल. लोकांना वाटतं की तीस मीटर लिहिलं म्हणजे तीस मीटर खोल जाता येतं. प्रत्यक्षात तीस मीटरवालं घड्याळ पावसाचे शिंतोडे आणि हात धुणं एवढ्याचंच. पन्नासवालं जपून पोहण्याचं, शंभरवालं निर्धास्त पोहण्याचं. याचं कारण देताना दुकानदार सांगतात की पाण्यात हात मारला की दाब कितीतरी पट वाढतो. ते खरं नाही. सेकंदाला पाच मीटर या वेगाने, म्हणजे कुठल्याही पोहणाऱ्यापेक्षा जोरात, हात मारला तरी वाढणारा दाब सव्वा मीटर पाण्याइतकाच भरतो. खरी गोम वेगळी आहे. तो आकडा नव्या घड्याळाचा, स्थिर पाण्यातला, थोड्या वेळापुरता असतो. आत पाणी शिरू न देण्याचं काम रबराची बारीक वर्तुळं करतात, आणि ती कुकरच्या रिंगसारखीच वर्षागणिक कडक होत जातात. घाम, क्लोरीन, गरम पाण्याची वाफ आणि साबण त्यांचं वय आणखी घटवतात. म्हणून मोठा आकडा घ्यायचा तो खोलीसाठी नाही, ताकद शिल्लक राहावी म्हणून. स्कूबाचा पहिला परवाना मिळवणाऱ्यालासुद्धा अठरा मीटरची मर्यादा असते. तारकर्ली-मालवणला हौसेने पहिली बुडी मारणारा तर त्याहून पुष्कळ वर असतो.

खऱ्या डाइव्ह वॉचसाठी आयएसओ 6425 हे मानक आहे. त्यात प्रत्येक घड्याळ लिहिलेल्या खोलीच्या सव्वापट दाबाखाली तपासावं लागतं, आणि अंधारात 25 सेंटिमीटरवरून वेळ वाचता यावी लागते. एक चाचणी फार साधी आहे. घड्याळ 40 ते 45 अंशांपर्यंत तापवायचं, काचेवर गार पाण्याचा थेंब ठेवायचा आणि मिनिटभराने पुसायचा. काचेच्या आतून वाफ धरली की घड्याळ नापास. मानक पूर्ण करणाऱ्या डायलवर 'डायव्हर्स' असं लिहिलेलं असतं. नुसतं 'वॉटर रेझिस्ट' लिहिलं असेल तर ते चांगलं असू शकतं, पण त्या परीक्षेला बसलेलं नसतं.

कॅसिओची 'ड्युरो' याचं उत्तम उदाहरण. सेलवर चालते, दोनशे मीटर, आट्यांची चावी, एकाच दिशेने फिरणारं बेझल, आणि किंमत दहा हजारांच्या आत. डायलवर 'डायव्हर्स' नाही. तिच्या जुन्या मॉडेलच्या डायलवर मार्लिन मासा होता आणि तेच घड्याळ बिल गेट्सच्या हातातही दिसलं. माझं मत विचाराल तर रोजच्या वापराला याहून जास्त पैसे घालायची गरज नाही. ऑटोमॅटिकची हौस असेल तर ओरिएंटची 'माको' बघावी. सेल बदलण्याचा कंटाळा असेल तर सिटिझनची उजेडावर चालणारी 'प्रोमास्टर'. सेकोच्या बाबतीत मात्र डोळे उघडे ठेवा. लोकांनी डोक्यावर घेतलेलं एसकेएक्स 007 हे अस्सल दोनशे मीटरचं डायव्हर्स होतं. 2019 मध्ये त्याच चेहऱ्याची 'फाइव्ह स्पोर्ट्स' मालिका आली, ती शंभर मीटरची आणि साध्या चावीची आहे. पोहायला पुरेल, पण नावाला भुलून घेऊ नका.

भुलण्यावरून आठवलं. एकेकाळी आपल्याकडे फाव्र-लुबा या स्विस कंपनीचं 'सी चीफ' घरोघरी होतं. मुंबईत या कंपनीचं बस्तान एकोणिसाव्या शतकापासूनचं, आणि 2011 मध्ये टायटनने ती विकतही घेतली होती. याच कंपनीने 1968 मध्ये खोली दाखवणारं 'बॅथी' नावाचं घड्याळ काढलं होतं. पण सी चीफच्या नावात समुद्र असला तरी ते लग्नामुंजीत घालायचं घड्याळ. जुन्या बाजारात नवीकोरी रंगवलेली डायल लावून कोणी ते 'डायव्हर' म्हणून दाखवलं, तर हसून पुढे चला.

घेताना व्यासावर जाऊ नका. ड्युरो 44 मिलिमीटरची आहे, ऐकायला परातीएवढी वाटते. पण पट्टा जिथे अडकतो ती वरची आणि खालची टोकं यांतलं अंतर मोजा. ते मनगटाच्या बाहेर लोंबत नसेल तर घड्याळ शोभतं. पट्टा रबराचा किंवा नायलॉनचा घ्या आणि एक भोक सैल ठेवा, कारण दुपारी मनगट थोडं फुगतं. पोहून आल्यावर, विशेषतः समुद्रातून, चावी बंद असल्याची खात्री करून साध्या पाण्याने धुवा. चावीचे आटे शेवटपर्यंत फिरवलेले नसतील तर दोनशे मीटरला काही अर्थ नाही.

सर्वांत जास्त घड्याळं पाण्यात नाही, सेल बदलताना जातात. टपरीवर चाकूच्या टोकाने मागचं झाकण उघडलं जातं, सेल बसतो, झाकण अंगठ्याने दाबलं जातं आणि काटे पळू लागतात. गिऱ्हाईक खूश. पण आतली रिंग पिळवटली, तिच्यावर धुळीचा कण बसला किंवा ती जुनीच राहिली, तर आता ते घड्याळ हात धुण्याच्याही कामाचं नाही. आट्यांचं झाकण योग्य अवजाराने उघडणारा, रिंग बदलून तिला सिलिकॉन ग्रीस लावणारा आणि शेवटी दाबाच्या मशीनवर तपासून देणारा कारागीर शोधा. तो दोन-तीन दिवस घड्याळ ठेवून घेईल, पैसेही जास्त सांगेल. घासाघीस करू नका. आणि उद्याच्या गाडीने मालवणला निघाला असाल तर सेल परत आल्यावर बदला.