दीर्घिकेतल्या ताऱ्यांचा वेग कसा मोजतात?

मागच्या वेळी आपण दीर्घिकांचे आकार पाहिले, आज त्यांच्या आतली गती पाहूया. आपली शेजारीण, देवयानी दीर्घिका, सुमारे २५ लाख प्रकाशवर्षं दूर आहे. तिथला तारा सेकंदाला दोनशे-अडीचशे किलोमीटर धावतो. तरी साध्या दुर्बिणीतून तो जन्मभरात जागचा हललेला दिसणार नाही. मग वेग मोजायचा कसा?

हमरस्त्यावर भोंगा वाजवत येणारी एसटी आठवा. जवळ येताना आवाज चढा, पुढे गेली की उतरतो. प्रकाशाचंही तसंच. हायड्रोजनची एक लाल रेषा ६५६.३ नॅनोमीटरवर असते. उगम सेकंदाला २०० किलोमीटर वेगाने दूर जात असेल, तर ती साधारण ०.४४ नॅनोमीटरने लाल बाजूला सरकते. तेवढं सरकणं मोजलं की वेग हातात आला.

पण थांबा, हा वेग फक्त आपल्या नजरेच्या रेषेतला. दीर्घिका थाळीसारखी समोरून दिसत असेल, तर तिचं फिरणं असं कळणारच नाही. देवयानी बरीच कललेली आहे, म्हणून काम जमतं. शिवाय ती अख्खीच आपल्याकडे सेकंदाला सुमारे ३०० किलोमीटरने येते आहे. तो वेग वजा करायचा, कलाचा हिशेब घालायचा, मग फिरण्याचा खरा वेग मिळतो.

व्हेरा रुबिन आणि केंट फोर्ड यांनी हेच केलं. एकेक तारा पकडणं अवघड, म्हणून त्यांनी तरुण, तप्त ताऱ्यांभोवतीचे चमकणारे वायुमेघ निवडले. असे ६७ मेघ मोजून १९७० साली त्यांनी निष्कर्ष छापले.

अपेक्षा काय होती? सूर्यमालेत बुध सेकंदाला ४७ किलोमीटर धावतो, नेपच्यून जेमतेम ५. दीर्घिकेचा बराचसा प्रकाश मध्याकडे एकवटलेला असतो. वस्तुमानही तिथेच असेल, तर कडेचे तारे मंद हवेत. प्रत्यक्षात बाहेर गेलं तरी वेग फारसा उतरेना! पुढे रेडिओ दुर्बिणींनी थंड हायड्रोजनच्या २१ सेंटिमीटर लहरी टिपल्या आणि ताऱ्यांच्या कडेपलीकडेही तेच दिसलं. नारायणगावजवळच्या खोडदची आपली जीएमआरटी याच लहरी ऐकते, बरं का.

आता साधं गणित करूया. आतलं वस्तुमान हे वेगाचा वर्ग गुणिले अंतर, या प्रमाणात असतं. वेग तोच ठेवून अंतर दुप्पट केलं, तर वस्तुमानही दुप्पट हवं. पण तिथे प्रकाश तर जवळपास नाहीच!

म्हणजे दोनच वाटा उरतात. एक तर न दिसणारं पदार्थद्रव्य आहे, नाहीतर गुरुत्वाकर्षणाचा नियमच तिथे बदलतो. ही दुसरी वाट मोर्देहाय मिलग्रोम यांनी १९८३ मध्ये मांडली. बहुतेक शास्त्रज्ञ पहिलीकडे झुकतात, कारण दीर्घिकासमूहांजवळून जाताना वाकणारा प्रकाशही तेच सुचवतो. मात्र त्या कृष्णद्रव्याचा कण अजून कुणाच्या हाती लागलेला नाही. एका रेषेच्या अर्ध्या नॅनोमीटरहून कमी सरकण्याने आपल्याला इथवर आणून सोडलंय. पुढच्या वेळी त्या वाकलेल्या प्रकाशाबद्दल बोलू.